पित्ताशयाचं ऑपरेशन आहे म्हणून सांगू का?

प्रिय मावशी,

माझं वय 39, उंची पाच फूट दोन इंच आणि वजन 112 किलो. लग्नात 52 होतं. पतसंस्थेत नोकरी आहे, दोन मुलं आहेत. थोरल्याच्या बाळंतपणानंतर वाढलेलं वजन सोळा वर्षं उतरवतेय. दिवसातून दोनदाच जेवून पाहिलं, भात सोडला, पावडरी झाल्या, काढे झाले, जिमची वर्षाची फी भरली. तीन वेळा वीस-वीस किलो कमी केले आणि तिन्ही वेळा ते व्याजासकट परत आले. साखरेच्या दोन गोळ्या चालू आहेत, गुडघे बोलतात, झोपेत श्वास अडकतो. डॉक्टरांनी आता बॅरिॲट्रिक सर्जरी, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठराचं ऑपरेशन, सुचवलीय. सासूबाई म्हणतात, "तोंडाला कुलूप लावलं तर ऑपरेशन कशाला लागतंय?" मिस्टर वाईट नाहीत, पण म्हणतात, "चांगलं धडधाकट पोट कापून घ्यायचं?" मी ठरवलंय की माहेरी जायचं, पित्ताशयात खडे झालेत म्हणून सांगायचं आणि करून यायचं. पैशाला माझ्या पाटल्या आहेत. रात्री सगळे झोपल्यावर मी ओट्याशी उभी राहून खाते, हेही कुणाला माहीत नाही. मावशी, मी हरले का? आणि हे खोटं बोलणं चुकीचं आहे का?
– नाव छापू नका, इचलकरंजी

प्रिय लेकी,

हरण्याचं आधी बोलू, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. तीनदा वीस म्हणजे साठ किलो उतरवलेस तू. पतसंस्थेतली नोकरी, दोन मुलं, सगळ्यांचे डबे, सगळं सांभाळून. अशा बाईला जिभेवर ताबा नाही असं कोण म्हणणार? हे वाक्य मीसुद्धा एकदा म्हटलंय. माझ्या धाकट्या बहिणीला, तिच्याच घरात, तिच्या मुलांसमोर. "मनावर घेतलंस तर होईल." त्या दिवसापासून तिनं माझ्याशी वजनाचा विषय काढला नाही, आणि मला वाटत राहिलं की तिनं मनावर घेतलं. त्याची बोचणी आजही आहे, म्हणून तुला ठामपणे सांगते.

वजन उतरलं की शरीराला दुष्काळ पडल्यासारखं वाटतं. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक वाढतं, पोट भरल्याचे निरोप मंदावतात आणि शरीर कमी इंधनावर चालायला शिकतं. अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवायची स्पर्धा होत असे. तिच्यातल्या चौदा जणांना संशोधकांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं आणि 2016 साली ते छापून आलं. बहुतेकांचं वजन बऱ्यापैकी परत आलं होतं. मुख्य म्हणजे त्यांची शरीरं, तेवढ्या वजनाला जेवढ्या कॅलरी जाळायला हव्यात त्याहून रोज सुमारे 500 कमी जाळत होती. पाचशे म्हणजे एका वेळचं जेवण! त्यांनी रोज एक जेवण सोडायचं, तेही जास्त भूक सोसत, आणि ते आहे तिथंच टिकण्यासाठी. तू सोळा वर्षं याच्याशी झुंजलीस. सासूबाईंच्या कुलपाला याची किल्ली नाही.

म्हणून तुझ्या डॉक्टरांचं मला पटतं. तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, 45 च्या आसपास येतो. 1991 पासून जगभर 40 च्या पुढे, किंवा 35 च्या पुढे आणि जोडीला आजार असतील, तर हे ऑपरेशन सुचवत आले. 2022 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी ती रेषा आणखी खाली आणली, आणि आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठी तर 27.5 पासून विचार करावा असं म्हटलं, कारण आपल्याला साखर कमी वजनावरच गाठते. तू उतावीळपणा करत नाहीयेस. उलट उशिरा आलीस.

आता ऑपरेशन काय करतं आणि काय नाही. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा साधारण तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी उरते. घ्रेलिन मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं, म्हणून जागेबरोबर भूकही कमी होते. 'बायपास'मध्ये जठराची छोटीशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. त्यानंतर साखर कित्येकदा वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांत खाली येते. स्लीव्ह परत पूर्ववत करता येत नाही, हे नीट समजून घे. छातीत जळजळ होत असेल तर तेही सर्जनला आधी सांग, कारण स्लीव्हनंतर ती वाढू शकते. वर्ष-दीड वर्षात साधारण पाव ते तिसरा हिस्सा वजन उतरतं. तुझ्या बाबतीत 80 च्या आसपास धर. लग्नातली 52 किलोची मुलगी परत येणार नाही, आणि काही वर्षांनी त्यातलं थोडं वजन परतही येतं. पण 112 आणि 80 यांच्यामध्ये तुझे गुडघे आहेत, तुझी साखर आहे, तुझी झोप आहे.

धोका आहेच. टाक्यांतून गळती, रक्तस्राव, पायात रक्ताच्या गुठळ्या. जीव जाण्याचं प्रमाण अनुभवी हातांत हजारात एक-दोन असं असतं. मिस्टरांच्या पोटात गोळा येतो तो उगाच नाही.

आणि इथे तुझ्या पित्ताशयाकडे येते.

लेकी, वजन भराभर उतरलं की पित्ताशयात खरोखरच खडे होतात. या ऑपरेशननंतर कितीतरी जणींना होतात, ते टाळायला काही डॉक्टर सुरुवातीचे महिने गोळीही देतात. समज, सहा महिन्यांनी मध्यरात्री तुझ्या पोटात कळ आली. मिस्टर तुला गाडीवर घालून जवळच्या दवाखान्यात नेणार आणि डॉक्टरांना सांगणार, "हिचं पित्ताशय काढलंय." म्हणजे जिथे बघायला हवं तिथे कुणी बघणारच नाही. बायपास झालेली असेल तर आतडं आत अडकण्याचीही शक्यता असते आणि तेव्हा तासातासाला किंमत असते. गुडघा दुखला म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून घरच्यांनी आणून दिलेली नेहमीची वेदनाशामक गोळी बायपासनंतर जठरात व्रण करू शकते. सतत उलट्या झाल्या तर ब जीवनसत्त्वाचं इंजेक्शन वेळेत लागतं. तुझ्या वतीने बोलणाऱ्या माणसाला हे सगळं माहीत हवं. तू शुद्धीत नसशील तेव्हा तुझं खोटं तो खरं म्हणून सांगेल. पाप-पुण्याचं मी बोलतच नाही, हे एवढं कारण मला पुरेसं आहे.

सगळ्या गल्लीला सांगू नकोस. पतसंस्थेत, वाड्यात, जावेच्या माहेरी "पोटाचं ऑपरेशन झालं" एवढं पुरे, आणि ते खरंच आहे. पण नवऱ्याला आणि जी तुझ्या ताटात वाढते तिला कळायलाच हवं. पहिले पंधरा दिवस गाळलेलं ताक, वरणाचं पाणी, पातळ सूप. मग घोटलेलं, मग मऊ. घास चमच्याएवढा, जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. पुढे रोज निदान 60 ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, म्हणजे अंडी, पनीर, दही, डाळी, मासे आधी आणि चपाती नंतर. बी-12, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व जन्मभर, ठरलेल्या वेळी रक्ततपासणी. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळतील, नंतर येतील. आता सांग, सासूबाई समोर उभ्या राहून "अगं, पांढरा रस्सा तरी घे वाटीभर" म्हणतील तेव्हा खडे काढलेली सून काय उत्तर देणार? त्यांचा आग्रह ही त्यांची माया आहे. त्या मायेला नवीन काम दे. डॉक्टरांचा आहाराचा कागद त्यांच्या हातात ठेव आणि म्हण, "आई, हे तुम्हीच सांभाळायचं." मी अशा सासवा पाहिल्यात, कुलपाची भाषा विसरून घड्याळ लावून अंडं उकडून देणाऱ्या.

पाटल्या सध्या डब्यातच असू देत. विमा नियामकाच्या प्रमाणित अटींनुसार बीएमआय 40 किंवा जास्त असेल आणि डॉक्टरांनी लिहून दिलं असेल, तर हे ऑपरेशन आरोग्य विम्यात बसू शकतं. 35 च्या पुढे असेल तर झोपेत श्वास थांबण्याचा तीव्र आजार, आटोक्यात न येणारी साखर, अशी कारणं लागतात. पॉलिसीचा प्रतीक्षा काळ बघ, मंजुरी आधी लेखी घे. विमा मिस्टरांच्या कंपनीचा असेल तर तोही कागद त्यांच्याच हातून जाणार, हे लक्षात आलं ना?

वजन उतरवणाऱ्या, आठवड्याला एक घ्यायच्या इंजेक्शनांचंही विचारून घे. टिर्झेपेटाइड 2025 च्या मार्चमध्ये आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जूनमध्ये आपल्याकडे आलं. चांगली औषधं आहेत, पण थांबवली की वजन बरंचसं परत येतं आणि खर्च महिन्याच्या महिन्याला. 45 बीएमआयला मी तरी ऑपरेशनचंच पारडं जड धरेन. सर्जन निवडताना वर्षाला किती करता, बिघडलं तर रात्री कोण येणार, आहारतज्ज्ञ किती महिने सोबत असतील, हे विचार. "या महिन्यात ठरवलंत तर सवलत" म्हणणाऱ्याच्या दारातून सरळ बाहेर पड.

ओट्याशी उभं राहून खाण्याची गोष्ट तू पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकलीस. मला तीच सगळ्यात मोठी वाटली. ऑपरेशन जठर लहान करेल, रात्री अकराचा एकटेपणा तेवढाच राहील. मग तोच हात आइस्क्रीम, गोड चहा, फरसाण अशा लहान पोटातही सहज उतरणाऱ्या गोष्टींकडे जातो, आणि बऱ्याच जणींचं वजन तिथूनच परत येतं. ऑपरेशनआधी मानसोपचारतज्ज्ञांशी भेट ठेवतात, तिथे हे लपवू नकोस. ते तुला नापास करायला बसलेले नसतात. उपचार आधी सुरू झाला तर ऑपरेशन दोन-तीन महिने पुढे जाईल, जाऊ दे.

पुढच्या तपासणीला मिस्टरांना सोबत घेऊन जा आणि तू गप्प बस. "ही वाचेल ना?" हा त्यांचा प्रश्न त्यांना स्वतःच्या तोंडाने डॉक्टरांना विचारू दे. त्याच्या आदल्या रात्री, दिवा मालवल्यावर, तू एक प्रश्न विचार. झोपेत माझा श्वास थांबतो, तेव्हा तो परत सुरू होईपर्यंत तुम्ही जागे असता का?

तुझी,
मावशी