फास म्हणजे नक्की काय, दोराला हात लावायच्या आधी वाच

अरे तू विचारलंस की फास, गाठ, लूप सगळं एकच ना, तर नाही रे, आणि क्लाइंबिंग शिकायचं असेल तर हा फरक आधी डोक्यात बसव. फास म्हणजे ओढलं की आवळत जाणारा वेढा, फासेपारधी हे नाव त्याच्यावरूनच आलं, आणि संस्कृतातला पाश तोच, गणपतीच्या हातात अंकुशासोबत असतो तो. बाहुपाश, मोहपाश वगैरे सगळी त्याचीच पोरं.

आता कामाचं. कमरेला सरकणारा फास कधीच बांधायचा नाही, वजन आलं की तो आवळतच जातो. हार्नेसला, म्हणजे कमरेला नि मांड्यांना घालायच्या पट्ट्याला, आठाच्या आकड्यासारखी दिसणारी आठाची गाठ बांध, तिचा लूप सरकत नाही, आणि नीट आहे की नाही ते नुसतं बघूनच कळतं. दोर 10 मिमीचा असेल तर शेपूट, म्हणजे गाठीबाहेर उरलेलं मोकळं टोक, निदान 10-12 सेंटीमीटर सोड, गाठीतले दोन्ही पदर शेजारी शेजारी बसले पाहिजेत, एकमेकांवर चढले की मी नवीन पोरांना सगळं सोडून परत बांधायला लावतो, मग खाली कितीही लाइन असू दे. बोलाइन नावाची न सरकणाऱ्या लूपची गाठ पण चांगली, पण ताण नसताना हलून हलून सैल पडते म्हणून शेपटाला जास्तीची गाठ मारायचीच.

आजीची सुरगाठ-निरगाठ आठवते ना, एक टोक ओढलं की सुटते ती सुरगाठ, तिचा भरवसा फक्त पिशवीपुरता. सिंहगडला जायच्या आधी घरी खिडकीच्या गजाला रोज बांधून बघ, नंतर अंधारात पण.