‘गेट’ म्हणजे नक्की काय हो?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे, मराठी मीडियम. बाई म्हणाल्या इंग्रजी निबंधात सारखं ‘गेट’ (get) नको, दुसरे शब्द वापरा. तिने डिक्शनरीत बघून ‘आय ऑब्टेन्ड फीव्हर’ लिहिलं आणि वर्गात हशा झाला. आणि तिचा अमेरिकेतला मावसभाऊ ‘गॉट’ऐवजी ‘गॉटन’ (gotten) लिहितो, ते बरोबर का? – एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, आधी मुलीला सांगा की तिने मेहनत केली, फसवलं डिक्शनरीने. समानार्थी म्हणून तीन-चार शब्द एका ओळीत दिले की पोरांना वाटतं कुठलाही कुठेही बसतो. ‘रिसीव्ह’ म्हणजे कुणीतरी पाठवलं, आपण घेतलं, पत्र, पार्सल वगैरे. ‘ऑब्टेन’ला खटपट लागते, अर्ज करून परवानगी काढली तर ते ऑब्टेन, आता ताप काय कुणी अर्ज करून आणतं का! ‘अ‍ॅक्वायर’ म्हणजे संपादन, आपलं भूसंपादन म्हणतात ना सातबारावाले, तेच. तापासाठी साधं ‘आय हॅड अ फीव्हर’ लिहायचं.

पण मला विचाराल तर ‘गेट’ समजायला आपलं ‘लागणे’ बघा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेळ लागतो, वाटही लागते. स्टेशनवर ‘गाडी लागली का’ म्हणजे फलाटावर आली का, आणि घाटात ‘हिला गाडी लागते’ म्हटलं की पिशवी शोधायची. एवढे अर्थ आपण कधी पाठ केले? शेजारच्या शब्दावरून कळतात. ‘गेट’चंही तसंच, ‘गेट होम’ म्हणजे घरी पोचणं, ‘गॉट कॉट’ म्हणजे पकडला गेला, ‘डू यू गेट इट’ म्हणजे कळलं का. आणि गंमत म्हणजे बऱ्याच ठिकाणी दोघं समोरासमोर येतात, ‘इट इज गेटिंग डार्क’ म्हणजे अंधार पडायला लागलाय, ‘गेट टू वर्क’ म्हणजे कामाला लाग, ‘शी गॉट अ जॉब’ म्हणजे तिला नोकरी लागली. फक्त इथे एक खाच आहे, आपल्याकडे ‘तिला’ लागते, इंग्रजीत ‘ती’ मिळवते, म्हणून ‘मला’ने विचार करणारी आपली मुलं वाक्य सुरू करतानाच अडखळतात. आणि दरवेळी जोडी जुळतच नाही बरं का, भूक लागली म्हणजे ‘आय अ‍ॅम हंग्री’, तिथे गेट नाही, पण भूक लागायला लागली की मात्र ‘आय अ‍ॅम गेटिंग हंग्री’!

बाईंचंही खरं आहे, निबंधात दर ओळीला गेट कंटाळवाणं होतं. पण बोलताना काढून टाकायला जाऊ नका, इंग्रज माणूस स्वतः दिवसभर तेच बोलतो.

भाच्याचं ‘गॉटन’ बरोबर आहे. जुनं इंग्रजी रूप ते, ब्रिटनमध्ये जवळजवळ गेलं, अमेरिकेत टिकलं, आणि ‘फरगॉटन’मध्ये तर दोन्हीकडे आहे. अमेरिकेत ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे आणि ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे गाडी घेतलीय. मुलीने मात्र परीक्षेत ‘गॉट’च लिहावं, पेपर इथेच तपासला जाणार आहे.