दीड लाखाचा एआय कोर्स, तोही एसआयपी थांबवून?

प्रश्न: वय ४२, राहणार नेरुळ. वाशीत एका कस्टम्स ब्रोकरकडे डॉक्युमेंटेशन बघते. हातात ६८,००० येतात. घराचा हप्ता २४,०००, एसआयपी १०,०००, एफडी १,२०,०००. यजमानांचं उत्पन्न हंगामी. एआयमुळे नोकरी जाईल अशी धास्ती वाटते. दीड लाख फी अधिक जीएसटी असा ऑनलाइन कोर्स १८ महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यावर मिळतोय. तोवर एसआयपी थांबवू का?

उत्तर: ताई, शिका, जरूर शिका. पण हा कोर्स नको, आणि एसआयपीला तर हातच लावू नका.

दीड लाखावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २७,०००. हप्ता बसतो ९,८३३. त्या १८ महिन्यांत एसआयपीचे जे १,८०,००० भरायचे राहतील, ते पुढे १६ वर्षं वर्षाला १० टक्क्यांनी वाढले असं धरलं (बाजार तशी हमी देत नाही), तर निवृत्तीच्या तोंडावर सव्वाआठ लाखांच्या घरात जातात. शिवाय असा ‘बिनव्याजी’ हप्ता बहुधा वित्त कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतो. तिसऱ्या महिन्यात कोर्स सोडलात तरी हप्ते सुटत नाहीत, आणि एखादा चुकला की सिबिलवर डाग. एफडीत जेमतेम दोन-तीन महिन्यांचा खर्च असताना हे अंगावर घेऊ नये.

मुळात तुम्हाला कोडिंग शिकायचंच नाहीये. एआय कुठे उपयोगी पडतं आणि कुठे थाप मारतं, एवढं कळलं तरी पुष्कळ. हेलसिंकी विद्यापीठाचा ‘एलिमेंट्स ऑफ एआय’ हा २०१८ पासूनचा कोर्स फुकट आहे, इंग्रजीत आणि सोपा. सरकारच्या ‘स्वयम्’वरही शिकणं फुकट, सर्टिफिकेट हवं असेल तरच परीक्षेची फी.

खरं शिक्षण तुमच्या टेबलावर आहे. साहेबांना विचारून क्लिअर झालेल्या पाच-सहा जुन्या बिल ऑफ एंट्री (आयात मालासाठी कस्टम्सकडे भरलेले कागद) काढा. चॅटबॉटला फक्त मालाचं वर्णन द्या, आठ आकडी टॅरिफ कोड (ज्यावरून ड्युटी ठरते तो मालाचा क्रमांक) विचारा आणि बिलाशी ताडून बघा. आयातदाराचं नाव, आयईसी (त्याचा आयात-निर्यात क्रमांक), इन्व्हॉइसची रक्कम यातलं काहीही टाकू नका. शब्दामागे शब्द जुळवत जाणारं हे यंत्र चुकीचा कोडही तितक्याच ठामपणे सांगतं, आणि कोड चुकला की ड्युटीचा फरक, वर दंड. ती चूक पकडणारा माणूस ऑफिसला लागणारच. शिपिंग लाइनला मेल लिहिणं मात्र त्याच्यावर बिनधास्त सोपवा, एकदा वाचून पाठवलंत की झालं.

तीन महिने हे करून पाहा. मग क्लास हवासा वाटलाच तर वीस-पंचवीस हजारांच्या आतला, बोनसमधून, रोखीने. त्याआधी कंपनी फी देईल का ते एचआरला विचारा. तोंडी नको, मेलवर.