इंग्लंडमध्ये वॉर्डात चूक झाली तर: निघण्याआधी विचारलंस म्हणून

तुझी सीबीटी (नोंदणीसाठीची संगणकावरची परीक्षा) झाली, इंग्लंडमधल्या हॉस्पिटलची ऑफर हातात आहे, ऑस्कीची, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेची, तयारी चालू आहे. आणि या सगळ्यापेक्षा जास्त झोप उडवतेय ती एक शंका: ड्युटीवर औषधाची चूक झाली आणि ती सहकाऱ्यांना सांगितली, तर पिन (म्हणजे नर्स म्हणून नोंदणी) जाईल का, व्हिसा जाईल का? हे तू इथे पोचण्याआधी विचारलंस याचं मला फार बरं वाटलं. नव्याने आलेल्या नर्सेस माझ्याकडे कामाला असतात, आणि त्यातल्या बहुतेकींच्या मनात हीच भीती असते. फक्त ती बोलून दाखवायला त्यांना महिनोन् महिने लागतात.

आधी पिनचं सांगते. एखादी चूक झाली, नर्सने ती लगेच सांगितली, त्यातून ती शिकली, तर तेवढ्यावरून एनएमसी, म्हणजे नोंदणी देणारी इथली नर्सिंग कौन्सिल, सहसा नोंदणी काढून घेत नाही. चूक झाकणं, चार्टमध्ये मागाहून फेरफार करणं, सांगू पाहणाऱ्या सहकाऱ्याला अडवणं, हे प्रकार मात्र एनएमसी दुरुस्त व्हायला अवघड अशा गंभीर वर्गात धरते. एनएमसीच्या कोडमधलं (आचारसंहितेतलं) १४ वं कलम याबद्दलच आहे. ऑस्कीसाठी कोड वाचशीलच, तेव्हा ते कलम नीट वाच.

हॉस्पिटलवर स्वतंत्र कायदेशीर बंधन आहे. मिड स्टॅफर्डशायरच्या हॉस्पिटलमधल्या भयंकर हलगर्जीपणावर रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशीचा अहवाल २०१३ मध्ये आला आणि २०१४ पासून 'ड्यूटी ऑफ कँडर' कायद्यात आली. रुग्णाला ठरावीक पातळीच्या वर इजा झाली तर हॉस्पिटलने त्याला खरं सांगायचं आणि माफी मागायची, हा आता नियम आहे. आणि २००६ च्या कायद्यानुसार नुसतं 'सॉरी' म्हटल्याने कायद्याच्या दृष्टीने हलगर्जीपणा कबूल केला असं होत नाही. म्हणून पेशंटला सॉरी म्हणायला घाबरू नकोस.

व्हिसाची भीती मात्र अगदीच निराधार नाही. तो नोकरीला बांधलेला आहे आणि नोकरी गेली तर नवा स्पॉन्सर शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. पण चूक झाल्याचा रिपोर्ट भरला म्हणून कोणी होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या खात्याला, कळवत नाही. रिपोर्ट भरणं हा इथल्या रोजच्या कामाचा भाग आहे. 'डेटिक्स कर', म्हणजे डेटिक्स नावाच्या संगणक प्रणालीत रिपोर्ट भर, हे वाक्य तुला पहिल्याच आठवड्यात ऐकू येईल. पेशंट घसरला, डोस राहिला, चूक होता होता टळली, सगळ्यासाठी डेटिक्स.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. समज, रात्री १० वाजता तू बेड ६ च्या आजींना १ ग्रॅम पॅरासिटामॉल दिलंस. मग लक्षात आलं की साडेआठला कॅज्युअल्टीत त्यांना को-कोडामॉलच्या दोन गोळ्या दिल्या होत्या आणि ती नोंद वेगळ्या कागदी चार्टवर राहिली होती. त्या दोन गोळ्यांतही १ ग्रॅम पॅरासिटामॉल असतंच, आणि दोन डोसांत किमान चार तास हवेत. आधी आजींकडे जा. त्या कशा आहेत बघ, ऑब्झर्वेशन्स घे, वजन बघ, २४ तासांत एकूण किती गेलं ते मोज. पुढचा डोस थांबव. मग लगेच नर्स-इन-चार्जकडे जाऊन सांग:

'बेड ६ ला मी दहा वाजता १ ग्रॅम पॅरासिटामॉल दिलं. साडेआठला को-कोडामॉल मिळालं होतं, ते मी तपासलं नव्हतं. आजी बऱ्या आहेत, न्यूज १ आहे, पण वजन ४६ किलो आहे. पुढचा डोस थांबवलाय. डॉक्टरांना आता ब्लीप करते.'

संपलं. (न्यूज म्हणजे नाडी, श्वास, बीपी वगैरेंवरून काढलेला स्कोअर, कमी असला की बरं; ब्लीप म्हणजे पेजरवर बोलावणं.) नीट पाहिलंस तर हा एसबार आहे, परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, पुढचं पाऊल या क्रमाने सांगायची पद्धत, जी तू ऑस्कीसाठी पाठ करतेयस. यात वजन का सांगितलं? कारण ५० किलोच्या आत पॅरासिटामॉलचा डोस बहुधा कमी करावा लागतो आणि डॉक्टरांचा निर्णय त्यावर फिरू शकतो. आणि यात काय नाही तेही बघ. स्टाफ कमी होता, बेल वाजत होती, कागदी चार्ट कोणी दाखवलाच नाही, यातलं काहीही नाही. ती कारणं खरी आहेत आणि महत्त्वाची आहेत, ती डेटिक्समध्ये सविस्तर लिही, कारण दोन चार्टची पद्धत बदलायची असेल तर ती तिथूनच बदलते. पण पहिल्या मिनिटात पेशंटसाठी लागेल तेवढंच सांगायचं.

आपल्याला हे जड जातं. चूक म्हटली की मेमो आणि लेखी खुलासा, अशा वातावरणात काम केलेलं असतं, म्हणून तोंड उघडलं की आधी बचाव बाहेर येतो: 'काय झालं ना सिस्टर, आज इतकी गडबड होती...' मूळ गोष्ट येईपर्यंत समोरची गोंधळते आणि तेवढी मिनिटं आजींची जातात. दुसरं टोक म्हणजे दहा वेळा सॉरी म्हणून रडायला लागणं. मग इन-चार्ज तुलाच सावरत बसते. रडू येणारच, ते मी समजू शकते, पण ब्लीप झाल्यावर.

आजींना सांगताना इन-चार्जला सोबत घे. काय झालं, आम्ही काय करतोय, आणि एकदाच, स्पष्ट सॉरी. 'त्रास झाला असेल तर सॉरी' असं नको. नोट्समध्ये आत्ताची वेळ टाकून लिही, जुन्या नोंदीला हात लावू नकोस.

सगळे वॉर्ड चांगले असतील असं मी सांगणार नाही. काही ठिकाणी बाहेरून आलेल्या नर्सची चूक जरा जास्तच मोठ्या आवाजात बोलली जाते, आणि ते अन्यायाचं आहे. तसं वाटलं तर कर्मचाऱ्यांना न घाबरता बोलता यावं म्हणून नेमलेली व्यक्ती असते, तिला फ्रीडम टू स्पीक अप गार्डियन म्हणतात, तिच्याकडे जा. तुझ्याकडून निवेदन मागितलं तर घाईत रात्री बसून लिहून देऊ नकोस. आधी युनियनला दाखव आणि एक प्रत स्वतःकडे ठेव.

एक उपयोगाची गोष्ट: दर तीन वर्षांनी रिव्हॅलिडेशनला, म्हणजे नोंदणी पुढे चालू ठेवायला, पाच लेखी रिफ्लेक्शन्स (अनुभवातून काय शिकलो त्याची टिपणं) लागतात. अशा प्रसंगावर एक लिहिता येतं, पेशंटची ओळख पटेल असं काही न टाकता.

आत्ता घरबसल्या करण्यासारखं एक काम आहे. वरची वाक्यं इंग्रजीत मांड आणि ऑस्कीच्या सरावातल्या मैत्रिणीसमोर मोठ्याने बोल, ती घाईत आहे असं समजून. वाचता येणं वेगळं, रात्री दहाला घाबरलेली असताना बोलता येणं वेगळं. आणि इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात आरसीएन किंवा युनिसन या युनियनची सदस्य हो, कारण सदस्य होण्याआधी घडलेल्या प्रकरणात युनियन सहसा उभी राहत नाही.