खाणे पूर्वीइतकेच आहे, तरी वजन वाढत चालले आहे. कोणता आजार असू शकतो?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३९, राहणार केज तालुक्यात, खाणेपिणे आणि घरकाम पूर्वीसारखेच, तरीही सात-आठ महिन्यांत वजन ६१ किलोवरून ७० किलोवर गेले, रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारे संप्रेरक) ६.२ आल्यामुळे घरीदारी सगळे ‘थायरॉइडच आहे’ असे म्हणतात, तर ते खरे का आणि नसेल तर आणखी काय तपासावे. शेवटी आपण सहज लिहून गेला आहात की, गुडघेदुखीसाठी बाजारात मिळणारी ‘जडीबुटीची पुडी’ रोज एक, एवढेच काय ते औषध चालू आहे. मी डॉक्टर नाही. बीड जिल्ह्यातच औषधांचे दुकान चालवणारा फार्मासिस्ट आहे, त्यामुळे निदान करणे हे माझे काम नव्हे. मात्र आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची ओळ मला ती शेवटचीच वाटते, आणि ती का वाटते हे जरा सविस्तर लिहितो.

आधी थायरॉइडचे पाहू. टीएसएचची वरची मर्यादा बहुतेक प्रयोगशाळांत ४ ते ४.५ च्या आसपास धरतात. ६.२ हा आकडा त्याहून थोडा जास्त आहे, पण फ्री टी-४ (थायरॉइडचा रक्तातला प्रत्यक्ष स्राव) योग्य असेल तर एवढ्या वाढीला थायरॉइडचा सौम्य, अजून पुरता न उमटलेला दोष म्हणतात, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासल्यावर तो आकडा आपोआप खाली आलेला अनेकदा दिसतो. थायरॉइडचा स्राव खरोखरच कमी पडला, तरी त्यामुळे वाढणारे वजन साधारणपणे २ ते ५ किलोच्या घरात असते आणि त्यातला बराच भाग चरबीचा नसून अंगात साठलेल्या मिठा-पाण्याचा असतो. शिवाय अशा वेळी थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, घोगरा आवाज, पाळीत जास्त रक्त जाणे यांपैकी काही ना काही सोबत असते. सौम्य दोषाच्या खात्यावर नऊ किलो टाकणे मला पटत नाही. टीएसएच, फ्री टी-४ आणि अँटी-टीपीओ (शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर हल्ला करते आहे का, हे दाखवणारी) या तपासण्या एकदा एकत्र करून घ्याव्यात. पुढे गोळी सुरू झालीच, तर ती उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा अर्ध्या-एक तासाने प्यावा आणि ही गोळी व लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या यांत चार तासांचे अंतर ठेवावे. आपल्याकडे डोळे उघडले की आधी चहा लागतो, आणि त्या चहाबरोबर घेतलेल्या गोळीला मग ‘लागू पडत नाही’ म्हणून बोल लावला जातो.

आता पुडीविषयी. सांधेदुखीवर आणि दम्यावर मिळणाऱ्या, लेबल नसलेल्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड (सूज आणि वेदना झटकन दाबणारे औषध) मिसळलेले असण्याचे प्रकार डॉक्टरांना आणि आम्हा औषधवाल्यांना चांगले परिचयाचे आहेत. आपल्या पुडीत ते आहेच, असे मी न पाहता म्हणू शकत नाही. परंतु दोन-तीन दिवसांत जुने दुखणे जादूने पळाले असेल, भूक वाढली असेल आणि एखादा दिवस पुडी चुकताच अंग मोडून येत असेल, तर संशय घ्यायला भरपूर जागा आहे. स्टेरॉइडचा गुण खोटा नसतो, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिझोन या स्टेरॉइडची इंजेक्शने दिली, तेव्हा ती काही दिवसांतच चालू लागली होती. त्या कामासाठी १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच यांना इतर दोघांसह मिळाले. म्हणजे पुडीवाल्याचे गिऱ्हाईक ‘गुण आला’ म्हणते ते खरेच असते. फक्त तो गुण कशाचा आणि त्याची किंमत काय, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

माझ्या काउंटरवर अशा पुड्या ‘हेच द्या’ म्हणून दाखवायला लोक नेहमी आणतात. वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेले भुरकट चूर्ण असते आणि उजेडात धरले की त्यात बारीक पांढरे कण वेगळे दिसतात. कधी नीट न कुटल्या गेलेल्या गोळीची गोल कडसुद्धा शाबूत असते. तेवढ्यावरून ते कोणते औषध हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, तथापि कारखान्यात बनलेली गोळी जडीबुटीत काय करते आहे, हा प्रश्न तर पडतोच. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड फार जहाल असते: त्याचे पाऊण मिलिग्रॅम हे प्रेडनिसोलोन या दुसऱ्या स्टेरॉइडच्या ५ मिलिग्रॅमच्या तोडीचे असते. एवढेसे औषध चिमूटभर चुऱ्यात सहज लपते. आयुर्वेदाच्या शिकलेल्या वैद्याने दिलेल्या, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटकांची नावे छापलेल्या औषधांविषयी मी हे बोलत नाही, हेही स्पष्ट करतो.

शरीरात मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल नावाचे संप्रेरक तयार करतात. ते किंवा त्याच्या जातीचे औषध दीर्घकाळ जास्त प्रमाणात राहिले, तर जी अवस्था होते तिला कुशिंग सिंड्रोम म्हणतात. ती १९३२ मध्ये तपशीलवार मांडणाऱ्या हार्वी कुशिंग या शल्यचिकित्सकाचे नाव तिला मिळाले आहे. यातली वजनवाढ सगळीकडे सारखी नसते आणि तीच तिची खूण आहे. चेहरा गोल भरतो, गाल लालसर होतात, मानेच्या मागे खांद्यांमध्ये चरबीचा उंचवटा येतो, पोट सुटते, पण हात-पाय मात्र बारीकच राहतात. पोटावर, मांड्यांवर जांभळट रंगाचे रुंद चरे उमटतात; बाळंतपणानंतरचे फिकट पांढरे चरे वेगळे. किरकोळ लागले तरी काळे-निळे डाग पडतात. मांड्यांचे स्नायू दुबळे होतात, म्हणून चुलीपुढे भाकरी थापून झाल्यावर किंवा उकिडवे बसून धुणे धुतल्यावर जमिनीला हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. गुडघे दुखतात म्हणूनही असे होते हे खरे; पण गुडघे न दुखता केवळ बळ नाही म्हणून उठवत नसेल, तर ती गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. रक्तदाब आणि साखर वाढणे हेही याच चित्राचे भाग आहेत.

हे वाचून आपण आजच पुडी फेकून द्याल, अशी मला भीती वाटते, म्हणून ठामपणे लिहितो: ती एकदम बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे काम थांबवतात, आणि बाहेरचा पुरवठा अचानक तुटला तर रक्तदाब कोसळणे, उलट्या, शुद्ध हरपणे इथपर्यंत वेळ येऊ शकते. त्यात ताप किंवा जुलाब असतील तर धोका अधिक. दोन-तीन दिवसांत फिजिशियनकडे जा, उरलेल्या पुड्या कागदासकट सोबत न्या आणि ‘यात स्टेरॉइड असेल का’ असे त्यांना स्पष्ट विचारा. ते बहुधा सकाळी ८ च्या सुमाराचे कॉर्टिसोल तपासायला सांगतील. चेहरा-पोट कुशिंगसारखे दिसत असताना रक्तातले कॉर्टिसोल मात्र अगदी कमी आले, तर स्टेरॉइड बाहेरून येत असल्याचा तो बोलका पुरावा ठरतो. मग माहीत असलेल्या मात्रेची गोळी देऊन ती आठवड्या-आठवड्याने उतरवत नेतात. याउलट पुडी निर्दोष निघाली आणि लक्षणे मात्र तीच असली, तर शरीरातच कॉर्टिसोल जास्त तयार होते का, हे रात्री डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी देऊन सकाळी केलेल्या रक्ततपासणीने किंवा २४ तासांच्या लघवीच्या तपासणीने पाहतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीवरील छोटी गाठ हे त्याचे एक कारण असते, पण हा आजार विरळा आहे.

इतर औषधेही वजन वाढवतात, आणि ‘बाकी काही चालू नाही’ म्हणणाऱ्यांच्या पिशवीतून ती पुष्कळदा निघतात. मधुमेहावरील इन्सुलिन, ग्लिमेपिराइड व पायोग्लिटाझोन, फिटांसाठीचे व्हॅलप्रोएट, मानसिक आजारांवरील ओलांझापिन, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेले अमिट्रिप्टिलिन आणि प्रीगॅबालिन, दर तीन महिन्यांनी घ्यायचे गर्भनिरोधक इंजेक्शन, आणि भूक लागावी म्हणून परस्पर आणलेले सायप्रोहेप्टाडिनचे टॉनिक. यांतले कोणतेही औषध, विशेषतः फिटांचे आणि मानसिक आजाराचे, वजनाच्या धास्तीने स्वतःहून थांबवू नये. पर्यायी औषध मिळते का, ते लिहून देणाऱ्यालाच विचारावे. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, म्हणून गुडघ्यांसाठी त्याही अधूनमधून घेत असाल तर सांगायला विसरू नका.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर एक साधी पारख घरी करता येते. नडगीच्या हाडावर अंगठा दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. खळगा पडून तो हळूहळू भरत असेल, जोडवी रुतत असतील, सकाळी डोळ्यांखाली सूज असेल, तर वजन चरबीचे नसून पाण्याचे असू शकते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. अशा वेळी हृदय, मूत्रपिंड आणि यकृत तपासावे लागते. लघवीला सतत फेस येणे हे मूत्रपिंडातून प्रथिन जात असल्याचे चिन्ह असू शकते आणि ते लघवीच्या साध्या तपासणीत कळते. हात-पाय वाळत असताना फक्त पोट वाढत असेल तर सोनोग्राफीला उशीर करू नये, कारण पोटात पाणी साठणे किंवा अंडाशयाची गाठ या दोन्ही गोष्टी बाहेरून ‘जाड झाली’ अशाच दिसतात.

पाळीविषयी आपण काही लिहिलेले नाही. ती अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील, मानेची घडी मखमलीसारखी काळी पडली असेल, तर पीसीओएस (अंडाशयाचा, संप्रेरके बिघडवणारा विकार) आणि इन्सुलिनला शरीर दाद न देणे, या दिशेने तपासावे. ही काळी मान म्हणजे मळ नव्हे. ती घासून सोलून घेतलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. मात्र पीसीओएस बहुधा वयात येतानाच डोके वर काढतो, चाळिशीच्या तोंडावर अचानक नव्हे. आपले गर्भपिशवी काढण्याचे ऑपरेशन झाले असल्यास तेही सांगा. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या या ऑपरेशनांची २०१९ मध्ये राज्यभर चर्चा झाली. कमी वयात पिशवीबरोबर अंडाशयही काढले गेले तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम एकदम येतात आणि चरबी पोटाकडे सरकते. ऑपरेशनच्या कागदावर अंडाशय ठेवले की काढले, हे लिहिलेले असते. अनेकींना ते ठाऊकच नसते. आणि पाळी चुकली असेल, तर सगळ्यात आधी गरोदरपणाची चाचणी करावी, हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

प्रचंड घोरणे व दिवसा पेंगणे असेल तर झोपेत श्वास अडकण्याचा विकार, आणि उपाशी राहिले की घाम सुटून थरथर होत असेल व खाल्ल्यावर बरे वाटत असेल तर साखर उतरते का, हेही पाहायला हवे.

डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी औषधे, मलमांच्या ट्यूबसुद्धा, एका पिशवीत भरून न्या. चेहरा उजळण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कित्येक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. वर्षभरापूर्वीचा एखादा फोटो मोबाइलमध्ये असेल तर तो दाखवा, कारण रोज पाहणाऱ्यांना चेहऱ्यातला बदल जाणवत नाही. रक्तदाब, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, थायरॉइड, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), यकृताच्या तपासण्या आणि लघवी, एवढ्यावर सुरुवात होते. आपल्याला अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जवळ आहे. तिथे मेडिसिन विभागाच्या ओपीडीत दाखवता येईल. मात्र आडवे पडल्यावर दम लागत असेल, दोन-तीन दिवसांतच दोन किलोंहून अधिक वजन वाढले असेल, किंवा पुडी आधीच बंद करून उलट्या आणि गळून जाण्याइतका अशक्तपणा सुरू झाला असेल, तर ओपीडीच्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी तातडीच्या विभागात जा आणि ‘स्टेरॉइड चालू होते असा संशय आहे’ हे दारातच सांगा.