सत्तर पोरं आणि मी एकटी

प्रश्न : ताई, मी कोरेगाव तालुक्यातली. डीएड झालंय. जानेवारीत टांझानियाला आलेय, इरिंगा भागातल्या एका खेड्यात, प्राथमिक शाळेवर व्हॉलंटियर म्हणून, डिसेंबरपर्यंत. पाच आठवडे झाले. तिसरीच्या वर्गात सत्तर पोरं, मी इंग्लिशमध्ये शिकवते आणि ती नुसती माझ्याकडं बघून हसतात. पहिल्याच आठवड्यात हेडसरांनी दोनची मीटिंग सांगितली, मी दुपारी दोनला गेले तर ती सकाळीच होऊन गेलेली. पोरं शाळेच्या शेतात खुरपतात, शिक्षकांच्या हातात छडी असते, बघून पोटात कालवतं. जेवायला रोज उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि घेवडा. आई म्हणते परत ये. मी इथं कुणाच्या उपयोगाची आहे का? राहू का येऊ?

उत्तर : बाळा, आधी पोटाचं बघू, उपाशी माणसाला सगळंच नकोसं वाटतं. मी तिकडं दोन वर्षं काढलीत, सुरुवातीला मलाही उगाली गिळवत नव्हती. पण तो तिथला घेवडा, महारागे, म्हणजे आपल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याच्याच जातीतला, म्चीचा म्हणजे माठाची भाजी आणि कारांगा म्हणजे शेंगदाणे. शेजारणीकडं उखळ-मुसळ असणारच. तिच्याकडं जाऊन कूट कर, मिरची लसूण घालून चटणी कर, तिलाही दे. मला तिथलं पहिलं घर असंच मिळालं.

मीटिंगचं मनाला लावून घेऊ नकोस. तिथल्या स्वाहिली भाषेत तास सकाळी सहापासून मोजतात, आपल्याकडं पूर्वी सूर्योदयापासून घटका मोजायचे तसंच. साआ म्बिली म्हणजे शब्दशः दोन वाजता, पण आपले सकाळचे आठ. घड्याळात समोरासमोरचा आकडा बघायचा, आठच्या समोर दोन, झालं.

आता मुख्य गोष्ट. तू वर्गात बाई म्हणून उभी राहिलीस, आणि मला वाटतं तिथंच अडलंय. पहिले तीन-चार महिने तू त्या पोरांची विद्यार्थिनी हो. तिथली सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत चालते आणि पुढं सेकंडरीला गेलं की सगळं एकदम इंग्लिशमध्ये, आपल्या झेडपीच्या पोराला एकदम इंग्लिश मीडियमला बसवल्यावर जे होतं तेच तिथं होतं, म्हणून तुझं इंग्लिश त्यांना लागणार आहे, पण ते स्वाहिलीच्या अंगानंच पोचेल. आणि स्वाहिली तुला अगदीच परकी नाही बघ, साबुनी, किताबु, कलामु, हेसाबु, दावा, दुका, यातला कुठला शब्द तुला कळला नाही? अरबी मुळाचे शब्द, तिकडंही पोचले आणि आपल्याकडंही. फळ्यावर एका बाजूला त्यांचा शब्द लिही, दुसऱ्या बाजूला आपला, आणि त्यांना तुझे उच्चार सुधारू देत. ती हसतील, हसू देत. बाईला आपण शिकवतोय म्हटल्यावर मागच्या बाकावरचं पोरगंसुद्धा तोंड उघडतं, हे मी डोळ्यानं पाहिलंय.

वर्ग एकटीनं ओढू नकोस. वर्गशिक्षिका असतील त्यांना सांग, तुम्ही शिकवा, मी तुमच्या हाताखाली. त्या गणित घेतील तेव्हा तू निम्मी पोरं घेऊन झाडाखाली बस, गाणी, खडे, पानं, काड्या, इंग्लिशमध्ये मोजणं, वीस मिनिटं बास. डिसेंबरला तू निघून येशील, वर्ग त्यांचाच राहणार आहे, त्यामुळं त्यांच्या हातात जे राहील तेच पोरांना मिळणार. भेटल्यावर मोठ्यांना आधी शिकामो म्हणत जा. पाया पडते म्हणण्यासारखंच आहे ते, ते माराहाबा म्हणतील. मी हे उशिरा शिकले आणि तोवर गाव मला आखडू समजत होतं.

शेताचं म्हणशील तर तू साताऱ्याची आहेस. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली, स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद, पोरं राबून शिकली. टांझानियाचे पहिले अध्यक्ष न्येरेरे स्वतः शिक्षक होते, लोक त्यांना म्वालिमू म्हणजे गुरुजीच म्हणायचे, त्यांनी १९६७ ला स्वावलंबनासाठी शिक्षण हे धोरण मांडलं, तिथल्या शाळांच्या शेतांमागं तोच विचार आहे. तेव्हा तूही खुरपं घे, बांधावर उभी राहू नकोस. पण अभ्यासाचा तास बुडवून पोरं पाणी वाहत असतील तर ते खटकलंच पाहिजे, हेडसरांशी शांतपणे बोल.

छडीबद्दल मी तुला गप्प बस म्हणणार नाही. आपल्याकडं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मारायला बंदी आहे, तिथं अजून कायद्यात मुभा आहे. स्टाफरूममध्ये भाषण दिलंस तर दार बंद होईल. तू स्वतः छडी हातात धरायची नाही, कुठल्याही पोराची तक्रार घेऊन छडीवाल्याकडं जायचं नाही, आणि एखाद्याला खरंच लागलं तर हेडसरांना एकटं गाठून स्पष्ट सांगायचं, तिथं माघार नाही. आणि पोरांचे फोटो स्टेटसला टाकू नकोस, त्यांच्या आईबापांना विचारलंयस का?

राहू का येऊ याचं उत्तर आज देऊ नकोस. जूनमध्ये तिथं शाळेला सुट्टी लागते, तेव्हा ठरव. आईला रोज फोन करण्यापेक्षा रविवारी निवांत कर, शेजारणीलाही बोलायला लाव. तुझा तिथं राहण्याचा परवाना व्हॉलंटियरचा, सी क्लासचा आहे ना, एकदा बघून घे, टुरिस्ट व्हिसावर शिकवणं चालत नाही. आणि यलो फीवरच्या लसीचं कार्ड पासपोर्टलाच लावून ठेव, येताना कुठल्या देशामार्गे येतेस त्यावर ते लागू शकतं.