करेक्शनचे तास कुणाच्या खात्यात?

प्रश्न : कोल्हापुरात आमचा सात जणांचा डिझाइन स्टुडिओ आहे. पतसंस्था आणि साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल हे मुख्य काम. सीझनला रात्री दहापर्यंत बसतो, कामं वेळेत प्रेसला जातात, पण हातात फारसं उरत नाही. एक मित्र म्हणतो कुणाकडे कुठलं काम आहे ते दाखवणारं ट्रेलो अ‍ॅप घ्या, दुसरा म्हणतो कुठल्या कामाला किती तास गेले ते नोंदवणारा टाइम ट्रॅकर लावा. दोन्हींचे पैसे भरणं परवडणार नाही. काय निवडू?

उत्तर : कामं वेळेत जातात ना? मग ट्रेलो राहू द्या. ट्रेलो, आसना, झोहो प्रोजेक्ट्स यांचा मुख्य उपयोग एकच, कुठलं काम कुणाकडे अडलंय ते कळणं. सात माणसं एका खोलीत बसत असतील तर ते खुर्ची वळवून विचारता येतं. फार तर भिंतीवर पांढरा फळा लावा.

तुमचं दुखणं वेगळं आहे. मी पुण्यात जाहिरात संस्थेत प्रॉडक्शन सांभाळायचे, तेव्हा अहवालांचा सीझन जवळून पाहिलाय. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची असते, ताळेबंद ऑडिटरकडून उशिरा येतो, आणि छपाईच्या प्लेट काढायच्या आदल्या संध्याकाळी फोन येतो, चेअरमनसाहेबांचा फोटो बदला. हे तास बिलात कुठेच दिसत नाहीत.

समजा पगार, भाडं, वीज, सॉफ्टवेअर मिळून महिन्याचा खर्च २,४०,००० रुपये आणि ग्राहकांच्या कामाचे खरे तास १,०००. म्हणजे तुम्हाला तास २४० रुपयांना पडतो. १८,००० ला घेतलेल्या अहवालाने ९० तास खाल्ले, तर २१,६०० खर्च झाले. ३,६०० रुपये तुम्ही पदरचे घातलेत, आणि ग्राहक मात्र 'पुढच्या वर्षी दर जरा कमी करा' म्हणतोय!

म्हणून टाइम ट्रॅकर. क्लॉकिफाय किंवा टॉगल ट्रॅकच्या मोफत आवृत्तीने सुरुवात करा. मोफत किती माणसं चालतात ते आधी बघा, या मर्यादा बदलत असतात. पुढे पैसे माणशी, महिन्याच्या हिशेबाने लागतात. ग्राहकाच्या नावाखाली चारच कामं ठेवा: मांडणी, टायपिंग, करेक्शन, प्रेसची धावपळ. वीस प्रकार केलेत की आठवड्याभरात सगळे 'इतर' वर बोट ठेवतील. करेक्शन वेगळं हवंच, सगळी गोम तिथेच आहे.

स्टुडिओतल्या मुलांना आधी सांगा की मोजायचंय काम, माणूस नाही. तुमचेही तास त्यात टाका, ग्राहकाशी फोनवर गेलेले धरून. दर काही मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढणारी अ‍ॅप्स मिळतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. चांगला ऑपरेटर दिवाळीआधी दुसरीकडे जाईल.

एका सीझनच्या नोंदी हातात आल्या की कोटेशनमध्ये लिहा, करेक्शनच्या दोन फेऱ्या ठरलेल्या दरातच, पुढच्या फेऱ्यांचे पैसे तासाप्रमाणे. तिसऱ्या फेरीला कुरकुर होईल. तेव्हा नोंदींचा कागद पुढे ठेवा.

पुढे माणसं वाढली, कुणी घरून काम करू लागलं, तर ट्रेलो घ्या. या दोन्ही ट्रॅकरचं बटण ब्राउझर एक्स्टेन्शनने ट्रेलोच्या कार्डावर आणता येतं. तूर्तास नोंदी एक्सेलमध्ये उतरवता येतात का ते तपासा आणि जूनमध्येच सुरू करा.